'ने' दिसला की 'बाय' लावायचा का? इंग्रजी पॅसिव्ह आणि मराठी सवयी

प्रयोगशरण

मराठीतून इंग्रजी व्याकरण शिकताना पहिल्याच तासाला एक समीकरण कानावर पडतं: पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ या समीकरणात आहे, म्हणून धागा तिथूनच सुरू करतो.

'मुलीने पत्र लिहिलं' हे वाक्य घ्या. पत्राच्या जागी चिठ्ठी आली की 'लिहिली', लेख आला की 'लिहिला'. क्रियापद कर्माच्या तंत्राने चालतं, म्हणजे मराठीच्या हिशेबाने हा अस्सल कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र याचं 'द गर्ल रोट अ लेटर' होतं, म्हणजे साधा ॲक्टिव्ह. आता काळ बदला: 'मुलगी पत्र लिहिते'. लगेच कर्तरी झाला. सांगणाऱ्याचा रोख बदललेला नाही, कोणाला पुढे आणायचं हेही बदललेलं नाही. फक्त भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला, तेवढ्यात 'ने' गळून पडला. मराठीतला हा 'ने' बहुतेक वेळा काळामुळे येतो. इंग्रजी पॅसिव्ह कोणत्याही काळात येऊ शकतो आणि तो येतो बोलणाऱ्याच्या निवडीमुळे. भावे प्रयोगाचंही तेच: 'मुलीने मांजरीला पकडलं' हे इंग्रजीत 'द गर्ल कॉट द कॅट' असंच राहतं.

इंग्रजी पॅसिव्हच्या खऱ्या जवळची मराठी रूपं वेगळी आहेत. 'पत्र लिहिलं गेलं', 'पत्र तिच्याकडून लिहिलं गेलं' (व्याकरणात ज्याला नवीन कर्मणी म्हणतात तो) आणि 'पत्र पाठवण्यात आलं'. म्हणजे खूण शोधायची ती 'जाणे' आणि '-ण्यात येणे' यांची. 'ने'ची नाही.

मराठी सवयीमुळे होणाऱ्या चुका इथे कारणासकट गोळा करू या. नुसतं 'हे चूक, ते बरोबर' नको. असं का होतं ते लिहा.

तिसरे_रूप

सुरुवात चोख झाली. मी रूपांबद्दल लिहितो, कारण काळांचा तक्ता पाठ करण्यात उगाच शक्ती जाते.

पॅसिव्हचे भाग दोनच: 'बी'चं एखादं रूप आणि मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप. काळ दाखवायचं काम पूर्णपणे 'बी'चं. तिसरं रूप जागचं हलत नाही. त्यामुळे तक्त्याऐवजी एकच नियम पुरतो: ॲक्टिव्हमध्ये मुख्य क्रियापद ज्या रूपात होतं, त्या रूपात 'बी'ला उभं करा आणि त्याच्यामागे तिसरं रूप ठेवा.

करून बघा. 'रिपेअर्स' साधा वर्तमान आहे, म्हणून 'बी'चा साधा वर्तमान: 'इज रिपेअर्ड'. 'रिपेअर्ड' साधा भूतकाळ, म्हणून 'वॉज रिपेअर्ड'. 'इज रिपेअरिंग'मध्ये मुख्य क्रियापदाला 'इंग' आहे, मग 'बी'ला 'इंग' लावा: 'इज बीइंग रिपेअर्ड'. 'हॅज रिपेअर्ड'मध्ये ते तिसऱ्या रूपात आहे, मग 'बी'चं तिसरं रूप: 'हॅज बीन रिपेअर्ड'. 'विल', 'मस्ट', 'कॅन', 'शुड' यांच्यामागे मूळ रूप असतं, म्हणून 'विल बी', 'मस्ट बी', 'कॅन बी', 'शुड बी'. 'गोइंग टू रिपेअर'चं 'गोइंग टू बी रिपेअर्ड'. 'आफ्टर रिपेअरिंग'चं 'आफ्टर बीइंग रिपेअर्ड'. कुठेही अपवाद नाही.

'हॅज बीन रिपेअरिंग'ला हाच नियम लावला तर 'हॅज बीन बीइंग रिपेअर्ड' येतं. बांधणी नियमाला धरून आहे, पण कानाला जड लागते आणि लिहिणारे ती टाळतात. त्याऐवजी 'हॅज बीन अंडर रिपेअर' म्हणावं किंवा वाक्य ॲक्टिव्ह ठेवावं. 'विल बी बीइंग'चंही तसंच.

रूप बनवताना सर्वांत जास्त गळतं ते 'बीइंग'. 'द रोड इज रिपेअरिंग' किंवा 'द फोटो इज प्रिंटिंग' असं बोललं जातं, कारण मराठीत 'रस्त्याचं काम चालू आहे' म्हणताना डोक्यात फक्त 'चालू आहे' असतं आणि त्याचं 'इंग' झालं की काम झाल्यासारखं वाटतं. रस्ता स्वतः दुरुस्ती करत नाही, त्याची दुरुस्ती केली जाते आहे. म्हणून 'इज बीइंग रिपेअर्ड'.

यात इतिहासाची एक गंमतशीर बाब आहे. 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही रचना इंग्रजीत बरीच नवी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागलेली. त्याआधी 'द हाउस इज बिल्डिंग' असंच म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकातही काही व्याकरणकार 'इज बीइंग'वर तुटून पडत होते. म्हणजे 'रोड इज रिपेअरिंग' म्हणणारा जुन्या इंग्रजीच्या वाटेवर आहे. आज मात्र ती वाट बंद झाली आहे.

मुद्रितशोधक

तिसऱ्या रूपाच्या चुकांची थोडी भर.

मजकूर तपासताना एक चूक सतत हाती लागते: 'द इन्स्टिट्यूट वॉज फाउंड इन' आणि पुढे साल. 'फाउंड' हे 'फाइंड'चं तिसरं रूप, म्हणजे संस्था 'सापडली'. स्थापन करणे हे क्रियापदच 'फाउंड', त्याचं तिसरं रूप 'फाउंडेड'. म्हणून 'वॉज फाउंडेड इन'. स्पेलिंग तपासणारं यंत्र इथे काहीच बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

'वॉज रोट', 'वॉज ब्रोक', 'वॉज टुक' ही दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाची गल्लत. 'हँग'ला दोन तिसरी रूपं आहेत: चित्र 'हंग', माणसाला फाशी दिली तर 'हँग्ड'. 'कास्ट', 'पुट', 'कट', 'सेट', 'स्प्रेड' तिन्ही रूपांत तेच राहतात, म्हणून 'कास्टेड' किंवा 'स्प्रेडेड' नको.

आणि 'बॉर्न'. 'आय वॉज बॉर्न' हा पॅसिव्ह आहे. मराठीत 'मी जन्मलो' हे कर्तरी असल्यामुळे 'आय बॉर्न इन' असं होतं, किंवा वर्तमानातलं सत्य समजून 'आय ॲम बॉर्न इन'. घटना भूतकाळातली, त्यामुळे 'वॉज'.

ओळीमागची_ओळ

'ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड'बद्दल कोणीतरी लिहायलाच हवं.

पॅसिव्ह होतो तो सकर्मक क्रियापदाचा. कर्म पुढे यायला मुळात कर्म असावं लागतं. 'हॅपन', 'ऑकर', 'अराइव्ह', 'डाय', 'डिसअपिअर', 'एक्झिस्ट', 'बिलाँग' यांना कर्म नाही, म्हणून पॅसिव्हही नाही. तरी 'वॉज हॅपन्ड', 'वॉज ऑकर्ड', 'वॉज डाइड' होतं. कारण असं की 'अपघात झाला होता' यातल्या 'होता'चं 'वॉज' करायची सवय. वाक्यात 'झाला' असो की 'होता', शिकणारा आधी 'वॉज' टाकतो आणि मग क्रियापदाला भूतकाळ लावतो.

याच कुळातली 'इज कन्सिस्टेड ऑफ'. 'कन्सिस्ट' अकर्मक आहे, म्हणून 'द टीम कन्सिस्ट्स ऑफ नाइन मेंबर्स'. पण 'कम्पोज' सकर्मक, म्हणून 'इज कम्पोज्ड ऑफ' चालतं. अर्थ तोच, रचना वेगळी, आणि दोघांची सरमिसळ झाली की चूक ठरलेली.

काही क्रियापदांना कर्म असूनही पॅसिव्ह होत नाही. 'हॅव', 'लॅक', 'रिझेम्बल', आणि मोजमाप सांगणारी 'कॉस्ट' व 'वे'. 'शी रिझेम्बल्स हर मदर' उलटून 'हर मदर इज रिझेम्बल्ड' करता येत नाही. इथे कोणी कोणाला काही केलेलं नाही, फक्त एक स्थिती सांगितली आहे. परीक्षेत व्हॉइस बदलायला अशी वाक्यं येत नाहीत, म्हणून ही यादी कुणी शिकवत नाही. लिहिताना मात्र ती लागते.

शब्दामागे_शब्द

वरच्या मुद्द्याला जोडून एक मराठी वाक्य जवळून पाहू: 'त्याच्याकडून चूक झाली.'

'कडून' दिसतो आहे, म्हणजे पॅसिव्हच, असं वाटतं आणि 'मिस्टेक वॉज हॅपन्ड बाय हिम' लिहिलं जातं. आता मराठीत हा 'कडून' काय काम करतो ते बघा. 'त्याने चूक केली' यात दोष त्याच्या पदरात पडतो. 'त्याच्याकडून चूक झाली' म्हटलं की चूक नकळत झाली, हेतू नव्हता, असं आपण सुचवतो. म्हणजे हा 'कडून' दोष सौम्य करतो. 'बाय'मध्ये हा अर्थ अजिबात नाही. उलट 'बाय' करणाऱ्याला वाक्याच्या शेवटी आणून त्याच्यावर भर देतो. त्यामुळे 'अ मिस्टेक वॉज मेड बाय हिम' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, चूक कोणी केली हे ठासून सांगायचं आहे. मराठी वाक्याचा हेतू नेमका उलटा होता.

मग इंग्रजीत काय लिहायचं? 'ही मेड अ मिस्टेक विदाउट मीनिंग टू'. ॲक्टिव्ह ठेवा आणि नकळतपणा वेगळ्या शब्दांत सांगा. 'माझ्याकडून राहून गेलं'चंही 'आय फरगॉट' किंवा 'आय ओव्हरलुक्ड इट'.

कोरा_कागद

दोन कर्मांची क्रियापदं राहिली. 'दे गेव्ह मी अ की' याचे दोन पॅसिव्ह होतात: 'आय वॉज गिव्हन अ की' आणि 'अ की वॉज गिव्हन टू मी'. बोलण्या-लिहिण्यात पहिला जास्त येतो. मराठी माणूस दुसऱ्याकडे ओढला जातो, कारण 'मला किल्ली दिली गेली' यात 'मला' काही पहिल्या विभक्तीत येत नाही. 'मी किल्ली दिली गेलो' असं कधीच होणार नाही. इंग्रजीत मात्र ते 'मला' सरळ 'आय' होऊन कर्त्याच्या खुर्चीवर बसतं.

पण हे सगळ्याच क्रियापदांना चालत नाही. 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल' चूक, 'आय वॉज सजेस्टेड अ मेथड' चूक, 'आय वॉज सेड' चूक. कसोटी सोपी आहे: ॲक्टिव्हमध्ये व्यक्ती 'टू'शिवाय क्रियापदाला चिकटून येते का? 'गेव्ह मी', 'टोल्ड मी', 'शोड मी', 'ऑफर्ड मी', 'टॉट मी' येतात, म्हणून 'आय वॉज टोल्ड', 'आय वॉज शोन', 'आय वॉज टॉट'. 'एक्सप्लेन्ड मी' येत नाही, 'एक्सप्लेन्ड टू मी' लागतं, म्हणून 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू मी'. 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'से', 'मेन्शन' हे सगळे या दुसऱ्या गटातले.

तिसरे_रूप

@कोरा_कागद, ही कसोटी शब्दयोगी अव्ययांनाही लावता येते. 'दे लाफ्ड ॲट हिम'मधला 'ॲट' पॅसिव्हमध्ये पडता कामा नये: 'ही वॉज लाफ्ड ॲट'. 'द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर', 'हर ॲडव्हाइस वॉज लिसन्ड टू'. वाक्य 'टू'वर संपणं विचित्र वाटतं म्हणून तो गाळला जातो आणि वाक्य मोडतं. उलट 'डिस्कस'ला मुळात 'अबाउट' लागत नाही, म्हणून 'द इश्यू वॉज डिस्कस्ड' इथेच थांबा.

'मेक'ची एक खुबी आहे. 'दे मेड मी वेट'मध्ये 'टू' नाही, पॅसिव्हमध्ये तो येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. 'सी' आणि 'हिअर'लाही तसंच: 'ही वॉज सीन टू लीव्ह'. 'लेट'चा असा पॅसिव्ह सहसा करत नाहीत. तिथे 'वॉज अलाउड टू' वापरा.

पहाटवारा

परीक्षेच्या दृष्टीने एक शंका. 'ओपन द डोअर'चं उत्तर 'लेट द डोअर बी ओपन्ड' असंच लिहायचं ना? आणि 'हू रोट धिस?'चं?

मुद्रितशोधक

उत्तरपत्रिकेत 'लेट द डोअर बी ओपन्ड' लिहा, गुण मिळतील. पण हे वाक्य फक्त व्याकरणाच्या पुस्तकात जगतं. दार उघडायला सांगताना असं कुणी बोलत नाही. आज्ञेचं काम ॲक्टिव्हच नीट करतो. औपचारिक विनंती हवी असेल तर 'यू आर रिक्वेस्टेड टू' ही खरोखर वापरात असलेली रचना.

'हू रोट धिस?'चं 'बाय हूम वॉज धिस रिटन?', आणि रोजच्या भाषेत 'हू वॉज धिस रिटन बाय?'. इथेही मराठीतला फसवा शब्द ओळखून ठेवा: 'हे कोणी लिहिलं?' यातला 'कोणी' हा 'ने'चाच भाऊ. त्याचं भाषांतर साधं 'हू रोट धिस?'.

परीक्षेत वाक्य उलटताना सर्वनाम बदलायचं लक्षात राहतं, वचन विसरलं जातं. 'ही राइट्स लेटर्स'चं 'लेटर्स इज रिटन' होतं, कारण डोळा अजून 'ही'वर असतो. 'बी' नव्या कर्त्याशी जुळवायचं: 'लेटर्स आर रिटन'.

सांधेजोड

इथपर्यंत पॅसिव्ह कसा करायचा ते आलं. तो कधी करायचा हा माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न, आणि शाळेत तो जवळजवळ विचारलाच जात नाही. 'करणारा माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तेव्हा' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं.

तीन वाक्यं घेऊ. 'द पंप पुशेस वॉटर इनटू अ टँक. अ थिक लिड क्लोजेस द टँक. अ सेफ्टी व्हॉल्व्ह सिट्स ऑन द लिड.' सगळी ॲक्टिव्ह, सगळी शुद्ध. तरी वाचताना प्रत्येक वाक्याला ठेच लागते, कारण दर वेळी नवीन वस्तू आधी येते आणि ओळखीची मागून. आता असं करा: 'द पंप पुशेस वॉटर इनटू अ टँक. द टँक इज क्लोज्ड बाय अ थिक लिड. द लिड इज फिटेड विथ अ सेफ्टी व्हॉल्व्ह.' पहिलं वाक्य टाकीवर संपलं, दुसरं टाकीपासून सुरू झालं. दुसरं झाकणावर संपलं, तिसरं तिथूनच निघालं. कडीत कडी अडकली. इथे करणारा, म्हणजे झाकण, माहीत आहे, महत्त्वाचाही आहे, 'बाय'सकट लिहिला आहे, आणि तरीही पॅसिव्हच योग्य.

मराठीत हे काम शब्दक्रम करतो. 'टाकीला जाड झाकण लावलंय' असं कर्म सहज पुढे घेता येतं, विभक्ती अर्थ सांभाळते. इंग्रजीत विभक्ती फारशी उरलेली नाही, जागाच अर्थ ठरवते. म्हणून कर्माला पुढे आणायचं तर क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. इंग्रजीला पॅसिव्ह इतका का लागतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

'बाय' ठेवायचा की गाळायचा हीसुद्धा निवडच. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं प्रसिद्ध वाक्य बघा. आधी 'ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल', 'बाय' नाही. लगेच पुढे 'दे आर एन्डाउड बाय देअर क्रिएटर', इथे 'बाय' आहे. पहिल्या भागात भर समानतेवर आहे. दुसऱ्या भागात हक्क कुठून आले हाच मुद्दा आहे, म्हणून देणारा सांगावाच लागला.

आणि 'बाय' गाळून जबाबदारी झाकता येते, हेही खरं. १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराण प्रकरणावर संसदेसमोर बोलताना 'सीरिअस मिस्टेक्स वर मेड' म्हटलं. चुका झाल्या हे कबूल, कोणी केल्या हा शब्द वाक्यात नाही.

ओळीमागची_ओळ

सांधेजोड, सहमत, विशेषतः कडीच्या उदाहरणाशी. पण शास्त्रीय लेखनात सर्रास पॅसिव्ह हवा, 'आय' आणि 'वी' नकोत, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. १९५३ साली डीएनएची रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख 'वी' या शब्दाने सुरू होतो. पद्धत सांगताना, म्हणजे द्रावण तापवलं, गाळलं, वाळवलं, तिथे पॅसिव्ह शोभतो, कारण कोणीही केलं तरी फरक पडू नये हेच सांगायचं असतं. निष्कर्ष आणि दावा मांडताना 'इट इज बिलीव्ह्ड दॅट' लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही, हे या लेखकांचं मत की सगळ्या क्षेत्राचं. तिथे 'वी'च हवा.

शब्दामागे_शब्द

सूचना लिहिणाऱ्यांसाठी एक धोका नोंदवतो. 'द व्हॉल्व्ह शुड बी क्लोज्ड' याचे दोन अर्थ निघतात. एक, झडप बंद करा. दुसरा, झडप आधीपासून बंद असायला हवी. वाचणारा दुसरा अर्थ घेऊन पुढे गेला तर झडप उघडीच राहील. यंत्राजवळच्या फलकावर, औषधाच्या पत्रकावर, सुरक्षेच्या पायऱ्यांत पॅसिव्ह टाळा आणि 'क्लोज द व्हॉल्व्ह' लिहा. स्थिती तपासायची असेल तर 'चेक दॅट द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड'.

हा घोळ 'बी' अधिक तिसरं रूप हे घटना आणि स्थिती दोन्ही दाखवतं म्हणून होतो. 'द ऑफिस वॉज क्लोज्ड ॲट फाइव्ह' म्हणजे पाच वाजता बंद केलं की पाच वाजता बघितलं तर बंद होतं? मराठीत 'बंद केलं गेलं' आणि 'बंद होतं' वेगळे आहेत. इंग्रजीत घटना स्पष्ट करायला बोलीत 'गेट' मदतीला येतो: 'गॉट ब्रोकन', 'गॉट हर्ट', 'गॉट स्टोलन'. औपचारिक लेखनात तो जरा सैल वाटतो, एरवी अगदी ठीक.

कोरा_कागद

'-ण्यात येणे'बद्दल. सरकारी आणि कार्यालयीन मराठीत प्रत्येक वाक्य 'करण्यात येत आहे', 'कळवण्यात येते', 'घेण्यात येईल' असं संपतं. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं की 'इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट इट हॅज बीन डिसायडेड दॅट द फॉर्म शुड बी सबमिटेड' असा तिहेरी पॅसिव्ह तयार होतो. तीन क्रिया आणि एकही माणूस नाही. वाक्य सोडवताना प्रत्येक क्रियेला 'कोण?' विचारा. ठरवलं समितीने, अर्ज द्यायचा तुम्ही. मग 'द कमिटी हॅज डिसायडेड दॅट यू मस्ट सबमिट द फॉर्म'. एक 'कोण' खरोखर बिनमहत्त्वाचा असेल तर तेवढाच पॅसिव्ह ठेवा.

याच्या बरोबर उलट सवय कुणी लिहिली नाही. मराठीत कर्ता गाळून अनेकवचनी क्रियापद वापरतो: 'इथे इंग्रजी बोलतात', 'त्यांना विद्वान मानतात', 'असं म्हणतात की'. रूपाने ही वाक्यं कर्तरी आहेत, त्यामुळे कुणाला पॅसिव्ह सुचत नाही. इंग्रजीत मात्र इथेच तो हवा: 'इंग्लिश इज स्पोकन हिअर', 'ही इज कन्सिडर्ड अ स्कॉलर', 'इट इज सेड दॅट'. शेवटच्याचं आणखी सुटसुटीत रूप 'ही इज सेड टू बी रिच', आणि गोष्ट आधीची असेल तर 'ही इज सेड टू हॅव लेफ्ट'.

प्रयोगशरण

ही नोंद माझ्या मूळ मुद्द्याला पूर्ण करते. 'ने' असूनही ॲक्टिव्ह, आणि 'बोलतात' असूनही पॅसिव्ह.

एक भर घालतो. 'मी केस कापले' आपण सहज म्हणतो, कापणारा दुसराच असतो. 'आय कट माय हेअर' म्हणजे स्वतःच्या हाताने कापले. करवून घेतलेल्या कामाला 'आय हॅड माय हेअर कट', 'वी हॅड द हाउस पेंटेड'. क्रम सांभाळा: 'हॅव', मग वस्तू, मग तिसरं रूप. 'आय हॅड कट माय हेअर' केलं की पूर्ण भूतकाळ होतो आणि कात्री पुन्हा तुमच्याच हातात येते.

मुद्रितशोधक

'बाय' आणि 'विथ'चं पटकन सांगून टाकतो. करणारा 'बाय', हत्यार 'विथ': 'द लॉक वॉज ब्रोकन बाय अ थीफ विथ अ हॅमर'. स्थिती सांगताना ठरलेली अव्ययं येतात: 'कव्हर्ड विथ डस्ट', 'नोन टू एव्हरीवन', 'इंटरेस्टेड इन', 'मेड ऑफ वुड', मूळ पदार्थ ओळखू येत नसेल तर 'मेड फ्रॉम'. रीत सांगणारं क्रियाविशेषण तिसऱ्या रूपाच्या आधी बसतं: 'वॉज बॅडली डॅमेज्ड'.

आणि ॲक्टिव्ह की पॅसिव्ह हे ओळखताना 'वॉज' दिसला म्हणून शिक्का मारू नका. 'वॉज रनिंग', 'देअर वॉज', 'वॉज टायर्ड' यांपैकी एकही खरा पॅसिव्ह नाही. क्रियापदापुढे 'बाय समवन' लावून वाक्य अर्थपूर्ण राहतं का ते बघा. 'द लेटर वॉज सेंट बाय समवन', राहतं. 'ही वॉज रनिंग बाय समवन', नाही. 'प्राइसेस इन्क्रीज्ड'पुढेही लागत नाही, म्हणून तो ॲक्टिव्ह. 'प्राइसेस वर इन्क्रीज्ड'पुढे लागतं. पहिल्यात किमती वाढल्या, दुसऱ्यात कोणीतरी वाढवल्या.

पहाटवारा

सगळं वाचलं. एक वाक्य अडलंय, इंग्रजी करून द्याल का? 'मला ते काम सांगण्यात आलं होतं, पण माझ्याच्याने ते करवलं नाही.'

प्रयोगशरण

दोन्ही अर्ध्यांत 'मी' पहिल्या विभक्तीत नाही, म्हणून दोन्हीकडे पॅसिव्ह करायचा मोह होतो. वेगळं करून बघू.

पहिला अर्धा '-ण्यात येणे'चा. सांगणारा कोण ते गाळलं आहे आणि ते इथे महत्त्वाचंही नाही. 'टेल' हे 'टू'शिवाय व्यक्ती घेणारं क्रियापद, म्हणून 'मला'चं 'आय' करता येतं: 'आय हॅड बीन टोल्ड टू डू द जॉब'. 'होतं' आहे म्हणून 'हॅड बीन'.

दुसरा अर्धा शक्य कर्मणी. 'माझ्याच्याने'मध्ये करणारा गाळलेला नाही. करणारा मीच, फक्त ताकद पुरली नाही. इंग्रजीत ताकद 'कॅन' सांगतो, आणि 'बाय मी'ला इथे काही काम नाही: 'बट आय कुडन्ट डू इट'.

जोडून: 'आय हॅड बीन टोल्ड टू डू द जॉब, बट आय कुडन्ट डू इट.' पहिला पॅसिव्ह, दुसरा ॲक्टिव्ह, आणि 'आय' दोन्हीकडे पुढे राहिल्यामुळे वाक्य कुठे अडखळत नाही.